अध्यक्षांनी राजीनामा दिला, पण रिकामं नेमकं कोणतं पद झालं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सभासदांची संस्था आहे, कार्यकारिणी ११ जणांची आणि पदाधिकाऱ्यांची मुदत २ वर्षांची. मुदतीचे १४ महिने शिल्लक असताना अध्यक्षांनी सरचिटणिसांकडे लेखी राजीनामा दिला. उपाध्यक्ष म्हणाले, "मला अध्यक्षपद नको, मी आहे तिथेच बरा." सरचिटणिसांनी मग कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ज्येष्ठ सदस्याचं नाव टाकलं. नऊ जणांनी होकार कळवला आणि दुसऱ्या दिवशी 'नव्या अध्यक्षांचं हार्दिक अभिनंदन' असा संदेश सगळ्या सभासदांना गेला. आता एक गट म्हणतो, गेल्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकाची मतं ज्यांना मिळाली त्यांचाच हक्क. दुसरा गट म्हणतो, सर्वसाधारण सभेशिवाय हे होऊच शकत नाही. घटनेत या विषयावर दोनच वाक्यं आहेत: "दोन सर्वसाधारण सभांच्या दरम्यान संस्थेच्या कारभाराचे सर्व अधिकार कार्यकारिणीस राहतील" आणि "मुदतीच्या दरम्यान रिक्त होणारी पदे कार्यकारिणी भरेल." घटना जिथे काही सांगत नाही तिथे 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' हे सभा चालवायच्या नियमांचं पुस्तक लागू, असं कलम आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्याकडे अध्यक्षपद रिकामं नाही. एक तर जुनेच अध्यक्ष अजून पदावर आहेत, नाहीतर उपाध्यक्ष केव्हाच अध्यक्ष झालेले आहेत, त्यांना ते आवडो न आवडो. ग्रुपवर ज्यांचं अभिनंदन झालं ते गृहस्थ मात्र दोन्ही हिशोबांत अध्यक्ष नाहीत.

या विषयावरच्या भांडणांत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहतो. सगळे जण 'कोणाला बसवायचं' इथून सुरुवात करतात. खरं तर आधी कोणतं पद रिकामं झालं आणि कधीपासून, हे ठरायला हवं. मग ते भरायचा अधिकार कोणाचा, मग पद्धत कोणती, आणि माणूस सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर आली की निम्मी भांडणं आपोआप मिटतात, कारण ज्या पदासाठी लोक हमरीतुमरीवर आलेले असतात ते बऱ्याचदा रिकामंच नसतं.

आता राजीनाम्याचं पाहू. तुमच्या पत्रात राजीनामा दिल्याचं आहे, मंजूर झाल्याचं कुठेही नाही. या नियमांप्रमाणे राजीनामा म्हणजे जबाबदारीतून मोकळं करण्याची विनंती. ती विनंती ज्यांच्याकडे केली त्यांनी मान्य करावी लागते. ती मान्य होईपर्यंत, किंवा निदान मान्य करायला संबंधितांना वाजवी संधी मिळेपर्यंत, पदाधिकाऱ्याने काम सोडून द्यायचं नसतं. पत्र सरचिटणिसांच्या फाइलमध्ये पडलं म्हणून खुर्ची रिकामी होत नाही. याचा उलटा उपयोगही आहे. रागाच्या भरात दिलेला राजीनामा सभेपुढे निर्णयासाठी मांडला जाण्याआधी परत घेता येतो. एकदा पीठासीन व्यक्तीने "राजीनामा मंजूर करावा, असा प्रश्न सभेपुढे आहे" असं म्हटलं की मग मात्र सभेच्या परवानगीशिवाय माघार नाही. भर सभेत तोंडी दिलेला राजीनामाही चालतो, पण तोही मंजूर व्हावा लागतोच. 'मी चाललो, सांभाळा तुमचं तुम्ही' म्हणून उठून गेलेल्या माणसाचं पद त्याने दार ओढून घेताक्षणी रिकामं झालं असं धरू नका. काही जण विचारतात, राजीनामा नामंजूर करता येतो का? कागदोपत्री येतो. पण काम करायची इच्छा नसलेल्या माणसाला किती दिवस डांबून ठेवणार? माझ्या मते मंजूर करून मोकळं व्हावं.

मंजूर कोणी करायचा? सर्वसाधारण तत्त्व असं की ज्याला निवडायचा किंवा नेमायचा अधिकार, त्यालाच राजीनामा स्वीकारायचा आणि रिकामी जागा भरायचा अधिकार. घटनेत स्पष्टपणे वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमचे पदाधिकारी सर्वसाधारण सभा निवडते, म्हणून दुसऱ्या गटाला वाटतं की सगळं तिथेच गेलं पाहिजे. तुमची घटना नुसती गप्प असती तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण मधल्या काळातले सर्व अधिकार कार्यकारिणीला दिलेले आहेत आणि रिक्त पदं भरायचं कामही स्पष्टपणे तिच्याकडे सोपवलं आहे. त्यामुळे राजीनाम्यावर निर्णय कार्यकारिणी घेऊ शकते. त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवायची गरज नाही.

समजा, कार्यकारिणीने रीतसर सभेत राजीनामा मंजूर केला. मंजुरी जाहीर होताक्षणी उपाध्यक्ष उरलेल्या मुदतीसाठी अध्यक्ष होतात. 'प्रभारी' नाही, 'कार्यकारी अध्यक्ष' नाही, पूर्ण अधिकाराचे अध्यक्ष. निवडणूक नाही, ठराव नाही, शपथ नाही. हे कळलं की लोक लगेच घटनेतलं वाक्य दाखवतात: "पण रिक्त पदं कार्यकारिणी भरेल असं स्वच्छ लिहिलंय की!" लिहिलंय, पण ते सरसकट सगळ्या पदांबद्दल आहे. उपाध्यक्षाचा हा वारसा तोडायचा असेल तर घटनेत अध्यक्षपदाचं नाव घेऊन तसं म्हणावं लागतं, उदाहरणार्थ "अध्यक्षपद रिक्त झाल्यास कार्यकारिणी नव्या अध्यक्षाची निवड करेल". मोघम कलम त्याला पुरत नाही. म्हणजे तुमच्या कलमाप्रमाणे कार्यकारिणीने भरायचं पद उरतं ते उपाध्यक्षाचं.

यामागचं कारण साधं आहे. अध्यक्षांच्या अनुपस्थितीत सभा चालवणं हे उपाध्यक्षपदाचं मुख्य काम, आणि सभासदांनी मत देताना त्या माणसाला याच तयारीने निवडलेलं असतं. एकाहून जास्त उपाध्यक्ष असतील आणि त्यांना क्रम दिलेला असेल, तर पहिला अध्यक्ष होतो, दुसरा पहिल्याच्या जागी येतो आणि रिकामी होते ती शेवटची जागा. हा सरकता जिना फक्त अध्यक्ष-उपाध्यक्षांपुरता. सहसचिव आपोआप सचिव होत नाही, सहखजिनदार खजिनदार होत नाही. तसं हवं असेल तर घटनेत लिहावं लागतं.

"मला नको" म्हणणाऱ्या उपाध्यक्षांना नकार द्यायची सोय इथे नाही. त्यांना पद नको असेल तर एकच रस्ता, राजीनामा. आणि इथेच त्यांचा घोटाळा होणार आहे. अध्यक्ष झाल्यावर राजीनामा दिला तर ते अध्यक्षपदाचा देतील. तोवर उपाध्यक्षपद त्यांच्या हातून गेलेलंच आहे. 'आहे तिथेच' राहणं त्यांना शक्यच नाही. कार्यकारिणीने त्यांना उपाध्यक्षपदावर नव्याने निवडलं तर ते परत येतील, पण ती निवड असेल, हक्क नव्हे.

उपाध्यक्ष का नको म्हणतात, याचं एक कारण तुमच्या पत्रातल्या आकड्यांत दडलेलं असू शकतं. पदावर लागोपाठ किती वेळा राहता येईल यावर तुमच्या घटनेत मर्यादा आहे का, ते पाहा. अशी मर्यादा असेल तर रॉबर्टच्या नियमांप्रमाणे निम्म्याहून जास्त मुदत पदावर काढलेल्या माणसाची पूर्ण मुदत धरली जाते. २४ महिन्यांपैकी १४ म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यांनी आज पद घेतलं तर एक पूर्ण मुदत खर्ची पडते. शेवटच्या वर्षात घेतलं असतं तर पडली नसती. राजकारण करणाऱ्याला हा हिशोब चांगला कळतो. म्हणूनच काही ठिकाणी 'दोन-तीन महिने तसंच चालू द्या, मग पाहू' असा आग्रह धरला जातो. पण वारसा आपोआप असल्यामुळे सत्कार पुढे ढकलून काही साधत नाही. मोजणी राजीनामा मंजूर झाल्या दिवसापासूनच सुरू होते.

आता व्हॉट्सॲपवरच्या नऊ होकारांकडे वळू. ११ पैकी ९ म्हणजे भरघोस बहुमत, ते का चालू नये, असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. कार्यकारिणी निर्णय घेते ती सभेत, सभासद एकत्र बसून चर्चा करू शकतील अशा रीतीने. एकेकाला फोन करून, घरोघर सही घेऊन किंवा ग्रुपवर अंगठे मिळवून जे जमतं ते व्यक्तींचं मत झालं, मंडळाचा निर्णय नव्हे. अकराच्या अकरा जणांनी होकार दिला असता तरी फरक पडला नसता. घटनेत इलेक्ट्रॉनिक सभेची किंवा सभेबाहेरच्या मतदानाची परवानगी असेल तर त्या चौकटीत ते करता येतं, पण नुसत्या ग्रुप चॅटला सभा म्हणता येत नाही. हा काही तांत्रिक हट्ट नाही. ग्रुपवर एक नाव पडतं आणि त्याखाली होकार पडत जातात. दुसरं नाव सुचवायला कोणी धजत नाही, कारण पाच होकारांनंतर सहाव्याला वेगळं बोलणं अवघड जातं. सभेत नावं मागवली जातात, एकाहून अधिक येऊ शकतात, गुप्त मतदान मागता येतं. नऊ जणांना तेच गृहस्थ हवे असतील तर सभेतही तेच निवडून येतील. मग सभेला घाबरायचं कशाला?

दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळालेल्यांच्या हक्काबद्दल फार लिहायची गरज नाही. असा हक्क या नियमांत नाही. निवडणुकीत हरलेला उमेदवार राखीव यादीत जात नाही. सभासदांनी त्यांच्याऐवजी दुसऱ्याला पसंत केलं, एवढाच त्या निकालाचा अर्थ. शिवाय त्या वेळी उभे न राहिलेले, पण आज तयार असलेले लोकही असतीलच. त्यांचं नाव पुढे करायला कोणाची हरकत नाही, पण इतर उमेदवारांसारखं, रांगेत. तसंच अध्यक्षांना किंवा सरचिटणिसांना रिक्त पदावर कोणाला परस्पर नेमायचा अधिकारही घटनेत लिहिल्याशिवाय नसतो.

पद्धतीत सगळ्यात जास्त चुका होतात त्या नोटिशीत. पदाधिकाऱ्याचं किंवा कार्यकारिणीवरचं रिक्त पद भरायचं असेल, तर जे मंडळ ते भरणार त्याच्या प्रत्येक सदस्याला तशी पूर्वसूचना द्यावीच लागते. सध्याच्या म्हणजे २०२० च्या बाराव्या आवृत्तीत हे कलम ४७:५८ मध्ये आहे, आणि आधीचं ४७:५७ हे अधिकार कोणाचा ते सांगतं. सरचिटणिसांनी ही दोन कलमं छापून फाइलला लावून ठेवावीत. तुमच्या बाबतीत ही सूचना कार्यकारिणीच्या सदस्यांना द्यायची. सगळ्या सभासदांना देणं बंधनकारक नाही, दिली तर बिघडत नाही. आणि इथे आपल्या 'ऐनवेळच्या विषयां'ची सवय आडवी येते. विषयपत्रिकेच्या शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय' असं लिहायचं आणि त्याखाली उपाध्यक्ष निवडून टाकायचा, हे चालणार नाही. अध्यक्षांची परवानगी म्हणजे पूर्वसूचना नव्हे. जो सदस्य 'आज नेहमीचेच विषय आहेत' म्हणून आला नाही, त्याचा हक्क त्यात मारला जातो.

नोटीस कशी लिहावी, याचा नमुना तुमच्या परिस्थितीला धरून देतो:

"कार्यकारिणीची विशेष सभा (दिनांक, वेळ, ठिकाण). विषय: १. अध्यक्षांच्या राजीनाम्यावर निर्णय घेणे. २. राजीनामा मंजूर झाल्यास रिक्त होणाऱ्या उपाध्यक्षपदासाठी उर्वरित मुदतीकरिता निवड करणे. ३. उपाध्यक्षांचाही राजीनामा आल्यास त्यावर निर्णय घेणे आणि अध्यक्ष व उपाध्यक्ष या दोन्ही पदांसाठी उर्वरित मुदतीकरिता निवड करणे. ४. वरील निवडींमुळे आणखी एखादे पद रिक्त झाल्यास ते भरणे."

चौथा विषय मी आवर्जून घालायला सांगतो. उपाध्यक्ष म्हणून खजिनदारांची निवड झाली आणि त्यांनी खजिनदारपद सोडलं, तर नवी रिकामी जागा तयार होते आणि तिची सूचना कोणालाच गेलेली नसते. मग पुन्हा सभा, पुन्हा नोटीस. इथे आणखी एक बारकावा आहे. घटनेत मनाई नसेल तर एका माणसाला दोन पदं धारण करायला हे नियम आडकाठी करत नाहीत. त्यामुळे खजिनदार उपाध्यक्ष झाले म्हणून खजिनदारपद आपोआप सुटत नाही. राजीनामा मागून घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा. दोन पदं असली तरी मत एकच, हे वेगळं सांगायला नको.

विशेष सभा बोलवायची तरतूद तुमच्या घटनेत आहे ना, हेही पाहून घ्या. नसेल तर पुढच्या नियमित सभेपर्यंत थांबा, पण नोटिशीत हे विषय घाला. विशेष सभेत नोटिशीत नसलेला विषय घेता येत नाही, त्यामुळे शब्दरचना जपून करा.

सभेच्या दिवशी गणपूर्ती मोजा. घटनेत वेगळा आकडा नसेल तर निम्म्याहून अधिक, म्हणजे तुमच्याकडे सहा जण हवेत, आणि ते निवड होईपर्यंत खोलीत असायला हवेत. सही करून चहा पिऊन गेलेले धरायचे नाहीत. राजीनाम्याचा विषय आधी घ्या. उपाध्यक्षांना खरोखरच अध्यक्ष व्हायचं नसेल, तर त्यांनी उपाध्यक्षपदाचा राजीनामा अध्यक्षांच्या राजीनाम्याच्या आधी द्यावा आणि तो आधी मंजूर व्हावा. मग अध्यक्षांचा राजीनामा मंजूर झाला की वारसा घ्यायला कोणी नसतं आणि अध्यक्षपद खरोखरच रिकामं होतं. त्यानंतर आधी अध्यक्ष निवडा, मगच उपाध्यक्ष. हा क्रम उलटा केला तर नव्याने निवडलेला उपाध्यक्षच अध्यक्ष झाला की काय, असा वाद कोणीतरी हमखास उकरून काढेल. दोन्ही पदं रिकामी असताना सभा चालवायला सरचिटणिसांनी सभेला सुरुवात करून देऊन त्या वेळेपुरता हंगामी सभाध्यक्ष निवडून घ्यायचा. हंगामी सभाध्यक्ष हा फक्त त्या सभेपुरता. 'तुम्ही सभा चालवली, आता तुम्हीच पुढचे चार महिने पाहा' असं त्याला सांगता येत नाही.

निवड नियमित निवडणुकीसारखीच. नावं मागवा. नाव सुचवायला अनुमोदन लागत नाही, पण बहुतेक सभांमध्ये 'सूचक-अनुमोदक' लिहायची सवय असते. तिने काही बिघडत नाही, फक्त अनुमोदक नाही म्हणून नाव बाद करू नका. घटनेत निवडणुका गुप्त मतदानाने घ्यायच्या असं असेल तर रिक्त पदाच्या निवडीलाही ते लागू, आणि एकच नाव आलं तरी चिठ्ठ्या वाटायच्या, घटनेने बिनविरोधसाठी सूट दिली नसेल तर. तशी अट नसेल आणि नाव एकच असेल तर पीठासीन व्यक्ती थेट निवड जाहीर करू शकते. निवडून यायला टाकलेल्या मतांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. कोऱ्या चिठ्ठ्या मोजायच्या नाहीत. तिघे उभे राहिले, आठ मतं पडली आणि ती ४-३-१ अशी विभागली, तर चार मतांचा माणूस निवडून आलेला नाही. पुन्हा मतदान घ्यायचं. एक मतवाल्याला सक्तीने बाद करता येत नाही. त्याने स्वतः माघार घेतली तर भाग वेगळा. समान मतं पडली तरी पुन्हा मतदान. 'अध्यक्षांचं निर्णायक मत' म्हणून दुसरं मत टाकायची जी पद्धत ठिकठिकाणी आहे, तिला या नियमांत आधार नाही. गुप्त मतदानात सभाध्यक्ष बाकीच्यांबरोबर एक मत देतो आणि तिथेच त्याचा हक्क संपतो. उमेदवाराने स्वतःला मत द्यायलाही हरकत नाही.

निवड झालेला माणूस सभेत असेल आणि त्याने नाही म्हटलं नाही, किंवा गैरहजर असूनही उमेदवारीला आधी संमती दिली असेल, तर निवड तिथेच पक्की. संमती नसताना गैरहजर माणसाला निवडलं असेल तर त्याला कळवल्यावर त्याने लगेच नकार दिला नाही की पक्की. नकार दिला तर ती रिकामी जागा नव्हे, अपुरी राहिलेली निवडणूक. हा फरक किस काढल्यासारखा वाटेल, पण वार्षिक सभांमध्ये तो फार महत्त्वाचा ठरतो. खजिनदारपदाला कोणी उभंच राहत नाही, सगळे एकमेकांकडे पाहतात, आणि कोणीतरी म्हणतं, "जाऊ द्या, कार्यकारिणी रिक्त जागा भरेल." तिथे मुदतीच्या मध्ये पद रिकामं झालेलं नसतं, सभासदांची निवडणूक अर्धवट राहिलेली असते. ती पुरी करायचा हक्क सर्वसाधारण सभेचा असतो आणि मुदत संपेपर्यंत तो जात नाही. सभा तहकूब करून पुढच्या तारखेला निवडणूक पुरी करणं हाच सरळ मार्ग. नाहीतर मूठभर लोक वार्षिक सभेत मुद्दाम नाव येऊ देत नाहीत आणि नंतर कार्यकारिणीत हवा तो माणूस बसवतात. हे मी होताना पाहिलं आहे.

अभिनंदन झालेल्या ज्येष्ठांचं काय करायचं? त्यांचा अपमान करायची गरज नाही, पण 'झालं ते झालं, आता कशाला उकरायचं' हेही चालणार नाही. सभेत झालेल्या बहुतेक चुकांवर हरकत त्याच वेळी घ्यावी लागते, नंतर ती घेता येत नाही. पण आवश्यक पूर्वसूचना न देता झालेली निवड, घटनेतली पात्रता नसलेल्याची निवड, किंवा आधीच वैध निवड झालेल्या पदावर त्याच मुदतीसाठी दुसऱ्याची निवड, अशा गोष्टींवर तो माणूस पदावर असेपर्यंत केव्हाही हरकतीचा मुद्दा मांडता येतो. तुमच्याकडे तर सभाच झालेली नाही. म्हणजे हे प्रकरण पुढच्या प्रत्येक सभेत कोणीही उभं करू शकतो, आणि तोवर त्यांनी चालवलेल्या प्रत्येक सभेवर त्याची सावली राहील. हरकत आली की पीठासीन व्यक्ती निर्णय देते. तो पटला नाही तर एकाने अपील करायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, आणि बहुमताने फैसला होतो. मतं समान पडली तर पीठासीन व्यक्तीचा निर्णय कायम राहतो.

त्या गृहस्थांनी मधल्या काळात संस्थेच्या नावाने पत्रं दिली असतील, खर्चाला मंजुरी दिली असेल, तर त्याची यादी करा आणि कार्यकारिणीच्या सभेत ठरावाने ती कामं कायम करून घ्या. कार्यकारिणीला जी गोष्ट आधी मंजूर करता आली असती तीच नंतर कायम करता येते, त्यापलीकडचं नाही. पण निवड मात्र 'कायम' करून वैध करायच्या फंदात पडू नका. वरच्या नोटिशीप्रमाणे ती नव्याने करा. इतिवृत्तात एवढं पुरे: "अध्यक्षांचा राजीनामा मंजूर. त्यानुसार उपाध्यक्ष हे उर्वरित मुदतीसाठी अध्यक्ष झाल्याची नोंद घेण्यात आली. उपाध्यक्षपदासाठी नावे मागवली. (नाव) यांची उर्वरित मुदतीसाठी निवड." बँकेत सह्या बदलायला हाच उतारा लागतो, म्हणून मुदतीचा उल्लेख विसरू नका. घटनेत 'पुढील सर्वसाधारण सभेपर्यंत' असं काही नसेल तर निवड उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठीच असते.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की एक सहसचिव चार महिने फिरकलेले नाहीत, त्यांचं पद रिकामं समजायचं का. नाही. अमुक सभांना गैरहजर राहिल्यास पद रिकामं होईल असं घटनेत असेल तरच तसं म्हणता येईल. नाहीतर त्यांच्याकडून राजीनामा मागा, किंवा पदावरून दूर करायची रीतसर प्रक्रिया करा. ती किती सोपी हे घटनेतल्या मुदतीच्या वाक्यावर अवलंबून आहे. "दोन वर्षे किंवा उत्तराधिकारी निवडला जाईपर्यंत" असं असेल तर ज्या सभेने त्यांना निवडलं तिला ती निवड रद्द करता येते: पूर्वसूचना दिली असेल तर साध्या बहुमताने, नसेल तर दोन तृतीयांश मतांनी किंवा एकूण सभासदसंख्येच्या बहुमताने. नुसतं "दोन वर्षे" असेल तर आरोप, चौकशी, सुनावणी हा लांबचा रस्ता. तोवर एखाद्या सभेत इतिवृत्त लिहायला कोणी नसेल तर त्या सभेपुरता हंगामी सचिव निवडा.

एक गोष्ट वेगळी सांगतो. तुमची संस्था ज्या कायद्याखाली नोंदलेली आहे तो कायदा घटनेच्याही वर, घटना रॉबर्टच्या नियमांच्या वर. कायद्यात रिक्त पदाबद्दल काही अट असेल, तर मी वर लिहिलेलं तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायचं. हेन्री मार्टिन रॉबर्ट हे लष्करातले अभियंता. १८७६ साली त्यांनी सभांच्या नियमांचं पहिलं पुस्तक काढलं, तेही सभांमधला गोंधळ पाहून. त्यांच्या नियमांना तुमच्या घटनेने बोलावलं म्हणूनच ते तुमच्याकडे लागू आहेत, आणि घटना जिथे बोलते तिथे ते मागे सरकतात.

म्हणून पुढच्या घटनादुरुस्तीत एक कलम नीट घालून घ्या. अध्यक्षपद रिक्त झाल्यास उपाध्यक्ष अध्यक्ष होतील की कार्यकारिणी निवड करेल, हे पदाचं नाव घेऊन लिहा. इतर पदं कार्यकारिणीने किती दिवसांच्या सूचनेने भरायची, ते लिहा. कार्यकारिणीने भरलेलं पद पूर्ण उरलेल्या मुदतीसाठी की पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत, हेही लिहा. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, निदान मुदत एक वर्षाहून जास्त उरली असेल तेव्हा, कारण सभासदांनी निवडायचं पद सभासदांकडे लवकर परत जावं. आणि ऑनलाइन सभेची परवानगी हवी असेल तर तीही याच वेळी मागा, सदस्य एकमेकांना ऐकू शकतील अशी स्पष्ट अट घालून, म्हणजे ग्रुपवरच्या अंगठ्यांना कोणी सभा म्हणणार नाही.